इंटरनेटचा तलाठी : जॉन पोस्टेल

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या ओरलला एक्स्टर्नल सरांचा एक ठरलेला प्रश्न असतो. एसएमटीपीचा पोर्ट नंबर किती? आपण झोपेतसुद्धा २५ सांगतो आणि सुटतो. पण हा २५ ज्या यादीत आहे, ती यादी कुणी लिहिली, कुणी सांभाळली, हे कुणी विचारत नाही. सिलॅबसमध्ये नाही ना! म्हणून या लेखात त्या माणसाबद्दल सांगते. नाव जॉन पोस्टेल. आडनावातच पोस्ट आहे, हा निव्वळ योगायोग.

तलाठी जसा गावातल्या प्रत्येक गटाची नोंद ठेवतो, कुठला तुकडा कुणाच्या नावावर हे त्याच्या दप्तरात असतं, तसं जवळजवळ तीस वर्षं इंटरनेटचं दप्तर या एका माणसाकडे होतं. आणि ई-मेल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कशी जाते, त्याचे नियम लिहिणाराही हाच. आज नेटवाली कंपनी तुम्हाला तासाला इतक्याच मेल पाठवता येतील म्हणून अडवते ना, त्या भांडणाचं मूळही यांच्याच कागदांत सापडतं.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. शिक्षण लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. १९६६ ला बी.एस., १९६८ ला एम.एस. आणि १९७४ ला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. बाकी बालपण वगैरे मी गाळते, कारण खरी गोष्ट सुरू होते ती यूसीएलएच्या लॅबमध्ये.

२९ ऑक्टोबर १९६९ ला याच लॅबमधून अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द टाइप करायचा होता, दोन अक्षरं गेली आणि समोरचं मशीन बसलं. (आपल्या लॅबची आठवण आली ना?) त्या वेळी तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटात स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि आपले पोस्टेल होते. म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी पोरं. नेटवर्क कसं चालवायचं याचे नियम त्यांना कुणी दिलेच नव्हते, म्हणून ते स्वतःच नोट्स लिहायला लागले. क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ ला पहिली नोट लिहिली आणि तिला नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजेच आरएफसी. नाव किती नम्र बघा. हुकूम नाही, विनंती. या नोट्स तपासून, नंबर घालून छापण्याचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं आणि ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

दुसरं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं. कुठला प्रोग्राम कुठल्या नंबरावर ऐकणार याचा तेव्हा गोंधळ असायचा. मे १९७२ मध्ये आरएफसी ३४९ लिहून त्यांनी सुचवलं, की नंबर वाटायला कुणीतरी एक सर्वाधिकारी असावा. आणि तो मीच होऊ का, हेही कंसात प्रश्नचिन्हासकट विचारलं. कुणी नाही म्हटलं नाही. झालं, एक वही आली आणि वहीबरोबर सत्ताही आली. पण त्या सत्तेचा पगार वेगळा नव्हता, की दारावर पाटी नव्हती. १९७७ पासून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये ते नोकरीला होते, तिथेच हेही चालायचं. लांब दाढी, पायात सँडल. त्यांचे फोटो बघितले तर कुणाला वाटेल डोंगरात भटकणारा कुणी साधू आहे. डोंगरात भटकायची आवड त्यांना होतीच.

आता मेलकडे येऊ. इथून पुढचं जरा टेक्निकल आहे, मेसची वेळ झाली असेल तर जेवून या.

सुरुवातीच्या काळात मेल ही फाइल पाठवण्याच्या एफटीपीवरूनच जायची. एकाच मशीनवरच्या दहा जणांना तेच पत्र पाठवायचं तर तोच मजकूर दहा वेळा तारेतून पाठवावा लागे. आणि तार केवढी, तर सेकंदाला ५० किलोबिट! आपल्या हॉस्टेलचं वायफाय रात्री दहानंतर कसं चालतं ते आठवा, त्याच्याहून गयी-गुजरी. पोस्टेल यांनी सहकाऱ्यांबरोबर आधी एक मसुदा केला, मग ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ आली, सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल. त्यात पत्र आणि पाकीट वेगळं केलं होतं. पाकिटावर घेणाऱ्यांची नावं एकामागून एक सांगायची आणि मजकूर मात्र एकदाच द्यायचा. पुढच्या प्रती काढणं समोरच्या सर्व्हरचं काम.

कमांड्सही अगदी गप्पा मारल्यासारख्या. आधी हेलो, मग कुणाकडून, मग कुणाला, कुणाला, कुणाला, मग डेटा, शेवटी क्विट. प्रत्येक वाक्याला समोरून तीन आकडी उत्तर. २ ने सुरू झालं तर ठीक. ३ म्हणजे पुढचं बोला. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. ५ म्हणजे नाहीच, परत त्याच कामासाठी येऊ नका. ही उत्तरं पाठ करताना मला जाम कंटाळा आला होता, पण नंतर यांच्यामुळेच एक काम निभावलं. ते पुढे सांगतेच.

तारेची बचत व्हावी म्हणून केलेली ही सोय होती. पण बघा, मजकूर एकदा द्या आणि नावं हवी तेवढी जोडा, यात पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला. सगळा भार पुढच्या सर्व्हरवर आणि घेणाऱ्यावर. पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोय आरएफसी ८२१ मध्ये नव्हतीच. पाकिटावर कुणाचंही नाव टाका, सर्व्हर विश्वास ठेवणार.

पोस्टेल भोळे होते असं मात्र समजू नका. नोव्हेंबर १९७५ मध्येच, म्हणजे एसएमटीपीच्या सात वर्षं आधी, त्यांनी आरएफसी ७०६ लिहिली होती. विषय, नको असलेल्या मेलचा प्रश्न! एखादं मशीन बिघडलं किंवा मुद्दाम त्रास द्यायला लागलं तर घेणाऱ्या मशीनकडे फक्त त्याचेच संदेश नाकारायचा मार्ग नाही, घ्यायचं तर सगळंच घ्यावं लागतं, हा धोका त्यांनी तेव्हाच मांडला. एवढीशी नोट आहे, पानभरसुद्धा होत नाही. तीन वर्षांत, मे १९७८ मध्ये, एका कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या मशीनची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावले नाहीत आणि खालच्या मजकुरात सांडले. आरडाओरडा झाला. पण माल विकला गेला असंही सांगतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

मग सगळं माहीत असून १९८२ ला त्यांनी कुलूप का नाही बसवलं? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या एका नियमात आहे. जानेवारी १९८० मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलच्या कागदात त्यांनी तो घातला, आणि आज तो पोस्टेलचा नियम म्हणूनच ओळखला जातो. थोडक्यात असा, की आपण दुसऱ्याला जे पाठवू ते जपून, नियमात बसवून पाठवावं, आणि दुसऱ्याकडून येईल ते मात्र उदार मनाने समजून घ्यावं. तो होता प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, पॅकेटचे बिट नीट भरण्यापुरता. पण मेलच्या बाबतीत तो माणसांनाही लागू पडतो असं मला वाटतं. काही शे कॉम्प्युटर होते, प्रत्येकाच्या मागे ओळखीचा माणूस होता. पाठवणारा स्वतःला आवरेल, हे त्यांनी धरून चाललं होतं.

याच आवरण्याची एक छान सोय आयसीएमपीमध्ये होती, सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये. तीही पोस्टेल यांनीच संपादित केली. वाटेतल्या गेटवेवर गर्दी झाली की तो पाठवणाऱ्याला एक निरोप धाडायचा, सोर्स क्वेंच. अर्थ, जरा दमानं घे. मग पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा आणि निरोप यायचे थांबले की हळूहळू परत वाढवायचा. ही पद्धत पुढे निरुपयोगी ठरली आणि २०१२ मध्ये अधिकृतपणे निकालात निघाली. पण त्यातला विचार चुकीचा नव्हता.

आता ते काम. माझं आजोळ मोडनिंबचं, सोलापूर जिल्ह्यातलं. पुणे-सोलापूर हायवेवर आहे. मामांची तिथे डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. २०२३ च्या मे महिन्यात, पावसाआधी ऑर्डरी घ्यायच्या म्हणून, त्यांनी सातशे गिऱ्हाइकांना एकच मेल केली. डीलर, शेतकरी गट, सांगोला-आटपाडीपासून विजापूरपर्यंतचे बागायतदार. सगळे पत्ते बीसीसीत आणि सोबत ६ एमबीचं दरपत्रक. पंधरा मिनिटांत नेटवाल्या कंपनीने त्यांची जाणारी मेल बंद केली. जाहिरात राहूदे, रोजची बिलं आणि कोटेशनंही दोन दिवस अडकली. आटपाडीकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला कोटेशन वेळेत मिळालं नाही, त्याने रोपं दुसरीकडून उचलली. आमच्याकडे तो हंगामातला मोठा व्यवहार होता, घरात दोन दिवस कुणी धड बोलत नव्हतं.

मामांचं म्हणणं, मी महिन्याचे पैसे भरतो, आणि मेल तर एकच पाठवली, मग लिमिट कसलं? त्यांचं म्हणणं पोस्टेल यांच्या कागदाप्रमाणे अर्धं बरोबर होतं! मजकूर एकदाच गेला. पण कंपनी मेल मोजत नाही, पाकिटावरची नावं मोजते. त्या कंपनीचं लिमिट होतं तासाला १०० नावांचं. आणि हिशोब बघा. ६ एमबीची फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलते, ती होते साधारण ८ एमबी. सातशे जणांना वेगवेगळ्या प्रती काढायच्या म्हटल्या तर ५,६०० एमबी. मामांच्या मशीनमधून गेले फक्त ८. उरलेलं ओझं कंपनीच्या डोक्यावर.

बरं, ओझ्यापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. कंपनीच्या एकाच सर्व्हरमधून हजारो गिऱ्हाइकांच्या मेल बाहेर पडतात. त्यातल्या एकाने कचरा पाठवला, किंवा कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून तो मेल ओकायला लागला, तर बाहेरचे सर्व्हर त्या पत्त्याचं नाव काळ्या यादीत टाकतात. १९९८ साली सुरू झालेल्या स्पॅमहॉससारख्या संस्था अशा याद्या ठेवतात. मग शिक्षा त्या एकाला नाही, सगळ्यांना. विंगमधल्या एकाने धिंगाणा केला की रेक्टर सगळ्या विंगचं गेट बंद करतात, तसंच. म्हणून कंपनी आधीच नळ बारीक ठेवते. मामांना हे मी फोनवर समजावलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी आणि मामेभाऊ बसलो. परत आलेली उत्तरं वाचली. ज्यांच्यापुढे ५५० होतं, म्हणजे तो पत्ताच नाही, ते काढून टाकले. दोनदा आलेले काढले. उरले ५८०. ज्यांच्यापुढे ४ ने सुरू होणारा आकडा होता ते ठेवले, पण मेलचा प्रोग्राम त्यांना दर मिनिटाला परत ठोठावत होता, ते बंद करून अर्ध्या तासावर आणलं. जुन्या कागदांतही तेवढंच अंतर सुचवलंय. दरपत्रक मेलमधून काढून वेबवर ठेवलं आणि मेलमध्ये नुसती लिंक दिली. प्रत्येकाला वेगळी मेल, तासाला ८०. मुद्दाम शंभर नाही, कारण मधल्या २० मध्ये मामांची रोजची बिलं जायला पाहिजेत. सकाळी नऊला पहिली बॅच गेली, दुपारी चारला आठवी. आणि खाली एक ओळ, मेल नको असेल तर कळवा. अकरा जणांनी कळवलं, त्यांची नावं काढली. मामांना ते फार आवडलं नाही.

गंमत म्हणजे आरएफसी ८२१ मध्येही १०० हाच आकडा आहे, पण उलट्या बाजूने. प्रत्येक सर्व्हरने एका मेलमागे किमान १०० नावं तरी सांभाळलीच पाहिजेत, असं त्यात आहे. म्हणजे तेव्हा मर्यादा होती ती घेणाऱ्याच्या उदारपणाची खालची मर्यादा. आज ती पाठवणाऱ्याची वरची झाली. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० नावं, त्यापुढे थांबा. २०२४ पासून दिवसाला ५००० च्या वर जीमेल पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही सह्या लागतात, एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावी लागते आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. उदार मनाने घ्या हा भाग मेलपुरता संपल्यातच जमा आहे. २०२३ मध्ये आलेल्या आरएफसी ९४१३ मध्ये तर पोस्टेलच्या नियमाचीच उलटतपासणी आहे. समोरच्याच्या चुका सतत पोटात घातल्या की त्या चुकाच पुढे कायम होतात, असा तिचा रोख आहे. आपल्या स्टाफमधल्या सरांनी ती जरूर वाचावी.

पोस्टेल यांच्या आयुष्याचा शेवटचा अंक मात्र मेलच्याच एका प्रकरणाने गाजला. १९९० नंतर इंटरनेटमध्ये पैसा आला. डोमेन नावं विकली जाऊ लागली, त्यांचा मूळ सर्व्हर नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होता आणि वहीवाल्या पोस्टेल यांचा हक्क नेमका कुठला, यावर वाद सुरू झाले. २८ जानेवारी १९९८ ला त्यांनी एक मेल पाठवली. मूळ सर्व्हरची नक्कल ठेवणारे आणखी १२ सर्व्हर होते, त्यातल्या आठांच्या चालकांना. यापुढे यादी त्या कंपनीच्या मशीनवरून न घेता माझ्याकडच्या मशीनवरून घ्या, एवढाच मजकूर. आणि आठही जणांनी ते केलं! कुणी सही मागितली नाही, कुणी आदेश दाखवा म्हटलं नाही. व्हाइट हाउसचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगून सगळं आठवड्याभरात पूर्ववत केलं. सामान्य माणसाला काहीच कळलं नाही, मेल येत-जात राहिल्या. ती खरंच चाचणी होती की दप्तर कुणाच्या हातात आहे ते सरकारला दाखवायचं होतं, यावर लोक अजून वाद घालतात. मला दुसरं जास्त पटतं. सातशे पत्ते लागले नाहीत, आठ पुरले. कारण घेणाऱ्या आठही जणांना पाठवणारा कोण हे वर्षानुवर्षं माहीत होतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आयकॅन ही संस्था नोंदवली गेली. दप्तर एका माणसाकडे राहणं बरं नाही, हे पोस्टेल यांनाही मान्य होतं, त्या संस्थेच्या उभारणीत ते स्वतः होते. पण त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, १९९१ मध्येच झडपेचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये ते गेले. वय ५५. दोनशेच्या वर आरएफसींवर त्यांचं नाव आहे. व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून छापला गेला, म्हणजे ज्या मालेचे ते संपादक होते त्याच मालेत.

दोन महिन्यांत, डिसेंबर १९९८ मध्ये, आरएफसी २४७६ आली. तिने गिऱ्हाइकांच्या मेल स्वीकारायला ५८७ हा वेगळा पोर्ट दिला, आणि पुढच्या मार्चमध्ये आधी ओळख पटवा मग पाठवा ही सोय एसएमटीपीला जोडली गेली. कुलूप बसलं. आज कितीतरी नेट कंपन्या घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारा २५ नंबर बंदच ठेवतात.

त्यांच्या वहीचं शेवटचं पुस्तकरूप म्हणजे ऑक्टोबर १९९४ ची आरएफसी १७००. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, फुकट आहे. २५ नंबरसमोर सिंपल मेल ट्रान्सफर लिहिलंय आणि त्याखाली संपर्कासाठी जॉन पोस्टेल हे नाव आहे, ई-मेल पत्त्यासकट. जानेवारी २००२ मध्ये आरएफसी ३२३२ ने ते पुस्तक बाद केलं. नोंदी आता ऑनलाइन डेटाबेसमध्ये असतात.